ऑफिसचे पुरुमेंत

एप्रिल सरत आला की आईचे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, सुरू होते. सुक्या मिरच्या, जाडे मीठ, सुके बांगडे, कांद्याच्या माळा, सोलां म्हणजे तुमची आमसुले. पावसाळाभर पुरेल एवढे सगळे मृगाच्या आत, म्हणजे 7 जूनपूर्वी, कोठीत गेले पाहिजे. आमचे घर गोव्यात, फोंडा तालुक्यात, कुळागराच्या म्हणजे पोफळीच्या बागेच्या कडेला, कौलारू. ओसरीलगतच्या खोलीत बसून मी पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेब सांभाळतो, आणि गेली काही वर्षे या खोलीचेही पुरुमेंत करावे लागते. वीज कमी, कचरा कमी, आणि पावसात काही कुजून फेकावे लागू नये, एवढाच त्याचा हेतू. बांबूचा कीबोर्ड वगैरे या यादीत नाही. चालणारा कीबोर्ड टाकून बांबूचा आणणे ही चैन आहे, तिला पर्यावरणाचे नाव कशाला?

सुरुवात मोजण्यापासून करावी. प्लग आणि उपकरण यांच्या मधे लावायचा छोटा वॉटमीटर मिळतो. कोणाकडून दोन दिवस मागून आणला तरी भागते. माझा लॅपटॉप 40 वॉटच्या आसपास, मॉनिटर 22. राउटर नुसता 10 वॉट, पण तो रात्रंदिवस चालू, म्हणून वर्षाला जवळपास 88 युनिट खातो. झोपताना तो बंद करायची सवय लावली तर तिसरा हिस्सा वाचतो. खरा खादाड निघाला तो आजोबांच्या वेळचा पंखा, 75 वॉट. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, पंखा 28 ते 35 वॉटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज नऊ तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले तर फरक सव्वाशे युनिटांच्या घरात जातो. नवीन घ्यायची एकच वस्तू असेल तर ती ही. 2023 पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचे आहे, तेव्हा दुकानात मान वर करून तारे मोजावेत.

युनिटांचा एवढा हिशेब कशाला, असे भाऊ विचारतो. गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. बरीचशी वीज बाहेरून येते, छत्तीसगडातल्या कोरबासारख्या कोळशाच्या केंद्रांतून. गोवा-तमनार प्रकल्पातली 400 केव्हीची वीजवाहिनी मोल्याच्या जंगलातून न्यायची म्हटल्यावर 2020 मध्ये इथे केवढा गदारोळ झाला! मोल्यासाठी मेणबत्त्या लावायच्या आणि रिकाम्या खोलीत पंखा फिरत ठेवायचा, हे माझ्याने तरी होत नाही.

मग टेबलाची जागा. आमच्या खिडकीला अजून शिंपल्यांची जुनी तावदाने आहेत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ, पडद्यावर चमक मारत नाही. टेबल खिडकीला काटकोनात लावले की दुपारी चारपर्यंत दिवा लागत नाही. पश्चिमेची भिंत टाळावीच. उत्तरेची खिडकी नेहमी थंड, हा नियम मात्र इथे पुरता लागू नाही: मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर पुढचे तीनेक महिने किंचित उत्तरेला कलतो. पाऊस लागेपर्यंत त्या खिडकीला बाहेरून एक चटई पुरते. टेबल फणसाच्या लाकडाचे, आजोबांचे. एका पायाखाली पाचर मारली आहे, बाकी तक्रार नाही.

थंडाव्याबद्दल घाटावरचे सल्ले ऐकू नका. पाण्याचा कूलर सोलापुरात छान, इथल्या दमट हवेत तो खोलीत आणखी ओल भरतो. माठाचेही तेच, पाणी तिथल्यासारखे गार होत नाही. तरी टेबलाशेजारी माठ ठेवतोच, बाटल्या येत नाहीत म्हणून. एसी लागलाच तर 26 वर ठेवून वर पंखा लावायचा. एकेका अंशाला साधारण 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तासभर चालला तर तेवढ्या विजेत माझा लॅपटॉप कामाचे चारेक दिवस चालतो, हे डोक्यात ठेवले की रिमोटकडे हात जरा कमी जातो.

आता ओल. लॅपटॉप आयुष्यभरात जेवढा कार्बन हवेत सोडायला लावतो, त्यातला बहुतेक तो तयार होतानाच सुटलेला असतो. म्हणून आहे तोच वाचवणे हे सर्वांत मोठे काम. गेल्या पावसात माझ्या रेक्झिनच्या खुर्चीवर हिरवट मखमल उगवली आणि कपाटातली हार्ड डिस्क गेली. यंदा खुर्ची वेताची, आणि डिस्क, केबली, चार्जर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तापवून पुन्हा वापरता येतात. पार्सलचे पुठ्ठे साठवू नका, वाळवीला आमंत्रण. मेमध्येच अर्थिंग तपासून घ्या. वळवाच्या विजा दुपारी कडाडायला लागल्या की चार्जरच्या जोडीला इंटरनेटची वायरही काढायची, कारण झटका तिच्यातूनही येतो.

सौर ऊर्जेत मी स्वतः फसलो, म्हणून जरा सविस्तर. 2024 मध्ये पीएम सूर्य घर योजना आली. 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. जागा किलोवॉटमागे साधारण 10 चौरस मीटर. आम्ही बसवले. आठवडाभरात सकाळी अकराला वीज गेली. बाहेर कडकडीत ऊन, छतावर पॅनेल, आणि मीटिंगमधून मी गायब! बसवणाऱ्याने हे अवाक्षराने सांगितले नव्हते: ग्रिडला, म्हणजे वीजखात्याच्या जाळ्याला, जोडलेली साधी यंत्रणा वीज गेली की स्वतःही बंद पडते. पडायलाच हवी, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरून शॉक बसेल. तेव्हा आधीच विचारा: पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर, की बॅटरीची वेगळी यंत्रणा? आणि घर कौलारू असेल तर शाकारणी आधी, पॅनेल नंतर. कौलांवर माणसे चढली की चार-पाच फुटतातच. माडाची सावली कुठे पडते तेही दिवसभर बघून ठेवा.

बॅटरी किती मोठी, याचा हिशेब दुकानदाराच्या आधी आपण करावा. लॅपटॉप 40, राउटर 10, पंखा 28, दिवा 9, मिळून 87 वॉट. चार तासांना साडेतीनशे वॉट-तास. 12 व्होल्ट, 80 एएच (अँपिअर-तास) ची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरली तरी एवढे निघते, पण दुकानात सगळे 150 एएचच पुढे करतात. जुनी असेल तर झाकणे उघडून डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरा, टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर ब्रशने काढून पेट्रोलियम जेली चोपडा. मेलेली बॅटरी नवी घेताना दुकानातच द्यायची, किमतीत वजावट मिळते. जुने चार्जर, माऊस, केबली पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात कोंबू नयेत. वेगळ्या खोक्यात साठवून ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्याव्यात, डिस्क असेल तर तिच्यातला डेटा पुसून.

प्रिंटर मी काढूनच टाकला. पावसात कागद ओल धरून अडकायचा. महिन्याला चार पाने लागतात, ती बाजारात काढून आणतो. ही यादीसुद्धा जुन्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दारामागे चिकटवली होती. काल बघतो तर 'डिस्टिल्ड वॉटर, 1 लिटर'च्या खाली आईच्या अक्षरात: 'सोलां, 2 किलो. विसरू नको.'