घरच्या व्हिडिओतला आवाज: या चुका टाळा

सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की माझ्याकडं पेनड्राइव्ह यायला लागतात. नंदीध्वजांची मिरवणूक, ‘हर बोला हर’चा गजर, हलगी, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: “दादा, आवाज फाटतोय, तेवढं नीट करून द्या की.”

नीट होत नाही तो. हलगीला चिकटून फोन धरला की माइकला झेपत नाही आणि लाटेचं टोक रेकॉर्ड होतानाच छाटलं जातं. वेव्हफॉर्म, म्हणजे एडिटरमध्ये दिसणारं आवाजाच्या लाटेचं चित्र, मोठा करून बघा, टोकं सपाट दिसतील. जे नोंदलंच गेलं नाही, ते व्हॉल्यूम खाली ओढून कुठनं येणार? फाटका आवाज हळू ऐकू येतो, एवढंच. शूटिंगलाच दहा पावलं मागं सरका. अॅपमध्ये माइकचा गेन, म्हणजे माइक आवाज किती वाढवून घेतो ते, कमी करता येत असेल तर करा. एडिटरमधल्या मीटरचा शून्य हा माथा समजा. मी बोलणं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवतो आणि मोठ्यातला मोठा ठोका उणे 6 च्या वर जाऊ देत नाही.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते. पूर्व भागातल्या एका पोरानं चादरीच्या कारखान्यात आपल्या काकांची मुलाखत घेतली. चित्र एका फोनवर, आवाज दुसऱ्यावर. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळत होते, शेवटाकडं काकांचे ओठ मिटले तरी वाक्य चालूच. पठ्ठ्यानं रात्री जागून आवाजाचे तुकडे पाडले आणि एकेक सरकवत बसला. फाइल आधी कन्व्हर्ट केली होतीस का, विचारलं. “तेवढा वेळ कुठं होता, दादा?”

बहुतेक फोन व्हिडिओचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, एकसारखा ठेवत नाहीत, उजेडाप्रमाणं आणि लोडप्रमाणं तो हलतो. साधी सॉफ्टवेअर तो ठरावीक धरून चालतात, म्हणून क्लिप लांबली की फरक साचत जातो. शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर तर अशी फाइल उघडताना स्वतःहून कन्व्हर्ट करू का विचारतं. पोरं न वाचता ‘नाही’ दाबतात. मी लांब क्लिप आधी हँडब्रेक या कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेमरेट निवडून काढतो, मगच टाइमलाइनवर घेतो. शिवाय दोन फोनची घड्याळंही तंतोतंत सारखी चालत नाहीत. म्हणून कॅमेऱ्यासमोर एक टाळी सुरुवातीला, एक शेवटी. पहिली जुळवा, दुसरी किती सरकली ते दिसेल, तेवढा आवाज ताणा किंवा आखडा. टाळी वाजवायला लाज वाटते म्हणणाऱ्यांनी तुकडे सरकवत बसावं.

त्याच मुलाखतीत मागं यंत्रमाग चालू होता, तो घालवायला पोरानं नॉइज रिडक्शन, म्हणजे मागचा गोंगाट कमी करायची सोय, पार टोकाला नेलेलं. काकांचे शब्द बुडबुडायला लागले, माग तसाच. पंखा, कूलर यांची एकसुरी घरघर नॉइज रिडक्शननं कमी होते. मागाचा खडखडाट दर ठोक्याला बदलतो, तो जात नाही. जेवणाच्या सुट्टीत माग बंद असताना बोलणं घ्या, खडखडाट वेगळा रेकॉर्ड करा आणि बोलण्याखाली हळू लावा. कारखान्याचा व्हिडिओ आहे, माग ऐकू यायलाच हवा! कूलरसाठीसुद्धा कोणी न बोलता दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरला गोंगाटाचा नमुना म्हणून तीच लागते.

बाकीचं थोडक्यात. गाणं बोलण्याखाली इतकं खाली घ्या की आहे का नाही अशी शंका यावी. जोडाच्या जागी ‘टक’ वाजत असेल तर दोन फ्रेमचा फेड द्या, म्हणजे आवाज हळूहळू उतरवा-चढवा. आवाज एकाच कानात येत असेल तर ट्रॅक मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज. यूट्यूबसाठी सगळं कानठळ्या बसेल इतकं वाढवू नका, जास्त मोठा आवाज ते स्वतःच खाली आणतं.

एक्स्पोर्ट झाल्यावर हेडफोन काढून फोनच्या स्पीकरवर एकदा पूर्ण ऐका, घरचे त्याच्यावरच ऐकणार आहेत. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.