लिंबूवर्गीय झाडांवरील रसशोषक किडी: या चुका टाळा

पानं काळी पडली की पंपात बुरशीनाशक पडतं, आणि पहिली चूक तिथेच होते. ही काळी बुरशी म्हणजे कोळशी. ती वाढते मावा, काळी माशी, पिठ्या ढेकूण या किडी सोडतात त्या गोड, चिकट द्रवावर, म्हणजे चिकट्यावर. कीड आवरली की चिकटा थांबतो, कोळशीचे पापुद्रे हळूहळू सुटून पडतात. म्हणून औषध ठरवण्याआधी काळ्या पानाच्या वरच्या फांदीवरची पानं उलटून पाहा. पानामागे काळी, काटेरी, चिकटून बसलेली पिल्लं म्हणजे काळी माशी. तिची अंडी चक्राकार घातलेली असतात. कोवळ्या फुटीवर पिवळी चपटी पिल्लं आणि पांढरे मेणाचे धागे दिसले तर ती सिल्ला ही कीड. सिल्ला लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग पसरवतो, त्याच्याकडे दुर्लक्ष नको. पानांवर चंदेरी नागमोडी रेघा असतील तर ती नागअळी. ती या गटातली नव्हेच.

सिल्ला कोवळ्या फुटीवरच अंडी घालतो. नवती (कोवळी फूट) येताना फवारणी चुकली आणि पानं जून झाल्यावर केली, तर औषध वाया जातं. नत्र वारेमाप दिलं की नवती सतत येत राहते, हेही विसरू नका.

पिठ्या ढेकणांमध्ये एखादा मोठा, लांब पांढऱ्या झालरीचा आणि चपळ किडा दिसला तर चिरडू नका. ती बहुधा ढेकूण खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी असते. तपकिरी, फुगलेला, कागदासारखा मावा दिसला, तर परजीवी गांधीलमाशीने त्याला आधीच संपवलंय.

नीमतेल नुसतं पाण्यात ओतलं तर तरंगतं. १० लिटर पाण्यासाठी ५० मिली तेल आणि १० मिली द्रव साबण आधी एकजीव करा, मग ढवळत पाणी घाला. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. फवारा खालून वर, पानामागे बसला पाहिजे. ३२ अंशांच्या वर तापमान असताना किंवा गंधक मारून महिना व्हायच्या आत तेल मारू नका. अंडी वाचतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी पुन्हा.

मुंग्या चालू राहिल्या तर हे सगळं निम्मं फुकट. चिकट्यासाठी त्या मित्रकीटकांना, म्हणजे किडी खाणाऱ्या कीटकांना, हुसकावतात. खोडाला कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा, थेट सालीवर नको. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील.

सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पुन्हा पुन्हा मारल्यास मित्रकीटक मरतात आणि खवले कीड (सालीला खवल्यांसारखी चिकटणारी) आणि कोळी कीड उसळतात. खवले मेली का, हे नखाने खरवडून पाहा: रस निघाला तर जिवंत, कोरडी भुकटी निघाली तर मेलेली. मेलेली खवलेही सालीवर बराच काळ चिकटून राहतात, ती पाहून दुसरी फवारणी लावू नका. फुलोऱ्यात इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारं) औषध नकोच, मधमाश्या मरतात.