सर्व्हरसाठी लिनक्स निवडताना: डेबियन, उबुंटू, अल्मा की रॉकी?

इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी मंडळाला आपल्या ग्रंथालयाची यादी आणि पुस्तकांची देवघेव संगणकावर आणायची आहे, असं धरून चालू. सिल्व्हर मॉलमधून एक जुना डेस्कटॉप घेतला, ग्रंथालयासाठी कोहा हे मुक्त सॉफ्टवेअर ठरलं. आता त्याखाली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून लिनक्स कोणतं? डेबियन, उबुंटू सर्व्हर, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही चारही फुकट मिळतात. दुरून यंत्रावर काम करायचं एसएसएच तेच, वेब सर्व्हर तेच, डेटाबेस तेच. अशा कामात वेगाचा फरक जाणवतही नाही. म्हणून ‘चांगलं कोणतं’ असं विचारलं की ज्याच्या हाताला जे बसलंय, ते तो सुचवतो. माझं मत वेगळं आहे. सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत येणार आणि आपल्यानंतर हे यंत्र कोण सांभाळणार, या दोन प्रश्नांवर निवड करावी.

१. आधी सॉफ्टवेअर बघा

कोहाची तयार पॅकेजं, म्हणजे थेट बसवता येणारे संच, डेबियन आणि उबुंटूसाठी निघतात. त्यामुळे आपल्या ग्रंथालयापुरता अल्मा आणि रॉकीचा विषय इथेच मिटला. उलट एखादी कंपनी तिचं सॉफ्टवेअर फक्त रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सवर चालवायची हमी देत असेल, तर अल्मा किंवा रॉकी घ्या. त्या दोघांत फरक थोडा आहे. रॉकी रेड हॅटची हुबेहूब प्रत राहायचा प्रयत्न करतं. अल्माने २०२३ पासून तो हट्ट सोडला. रेड हॅटसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर चालावं, एवढं ते बघतं.

२. अपडेटची शेवटची तारीख लिहून काढा

ही पायरी लोक गाळतात, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची हीच. सेंटओएस ही रेड हॅटची फुकट मिळणारी प्रत होती. तिची ८ वी आवृत्ती बसवणाऱ्यांनी २०२९ पर्यंतचा हिशोब धरला होता. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की ते ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. रॉकी आणि अल्मा जन्माला आले ते त्यातूनच.

डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो, पुढे दीर्घकालीन आधार धरून एकूण पाच. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकालीन आधाराच्या) आवृत्तीला पाच वर्षं, म्हणजे २४.०४ ला २०२९ पर्यंत. पण ही पाच वर्षं ‘मेन’ या भांडारातल्या पॅकेजांची. ‘युनिव्हर्स’ या दुसऱ्या भांडारातल्या पॅकेजांचे सुरक्षा अपडेट खात्रीने हवे असतील तर उबुंटू प्रो ही सेवा जोडावी लागते. वैयक्तिक वापरासाठी ती पाच यंत्रांपर्यंत मोफत आहे. अल्मा आणि रॉकीच्या आवृत्त्या दहा वर्षं चालतात: ९ ला मे २०३२ पर्यंत, १० ला २०३५ पर्यंत.

दहा वर्षं ऐकून लगेच तिकडे धावू नका. मुदत संपल्यावर पुढच्या आवृत्तीवर कसं जायचं, हेही बघावं लागतं. डेबियनमध्ये जागच्या जागी एकेक आवृत्ती चढत जाता येतं, आणि ती वाट नीट मळलेली आहे. अल्मासाठी एलिव्हेट नावाचं साधन आहे. रॉकी मात्र नव्याने बसवायलाच सांगतं.

३. यंत्र तपासा

जुना संगणक घेताना इथेच फसगत होते. अल्मा आणि रॉकी ९ ला साधारण २००९ नंतरचा प्रोसेसर लागतो. १० ला एव्हीएक्स २ ही प्रोसेसरमधली सोय असलेला, म्हणजे इंटेलचा २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून पुढचा. त्यातही त्या काळच्या स्वस्त पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये ही सोय नव्हती, आणि कार्यालयांतून निघालेल्या यंत्रांत तेच प्रोसेसर भरपूर सापडतात. अल्मा १० ची जुन्या प्रोसेसरांसाठी वेगळी आवृत्ती आहे, रॉकीची नाही. डेबियन १३ कुठल्याही ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर चालतं. ३२ बिटवर मात्र ते आता बसवता येत नाही.

डिस्क लहान असेल तर आणखी एक गोष्ट. डिस्कवर फाइली मांडायला अल्मा आणि रॉकी मुळात एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वापरतात, डेबियन आणि उबुंटू ईएक्सटी४. एक्सएफएस असलेला डिस्कचा भाग (पार्टिशन) वाढवता येतो, कमी करता येत नाही.

४. सांभाळणारा माणूस ठरवा

मंडळात सर्व्हर बहुधा एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा लावून देतो. पदवी झाली की तो पुण्याला किंवा बेंगळुरूला जातो, आणि मागे राहतात ग्रंथपाल आणि कार्यवाह. त्यांना दर महिन्याला करता येईल असंच काम त्यांच्यावर सोपवा. सुरक्षा अपडेट आपोआप बसण्याची सोय चारही ठिकाणी आहे. ती पहिल्याच दिवशी चालू करा. पासवर्ड, बॅकअपची जागा आणि अपडेटची शेवटची तारीख मंडळाच्या कागदपत्रांत ठेवा. या कामासाठी मी डेबियन घेईन. सांभाळणाऱ्याला आधीपासून उबुंटू येत असेल तर मात्र उबुंटू, आणि त्यावर वाद घालणार नाही.

५. बसवण्याआधी करून बघा

आपल्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, निवडलेलं लिनक्स आणि कोहा बसवा. शंभरेक पुस्तकांच्या नोंदी देवनागरीत भरा. क्ष, ज्ञ आणि श्र ने सुरू होणारी नावं यादीत कुठे येतात, ते ग्रंथपालांना दाखवा. मग खऱ्या यंत्रावर तेच बसवून, आत कामाचा डेटा नसतानाच, चालू असताना एकदा वीज तोडून बघा. यूपीएस असला तरी बघा. शेवटी बॅकअपवरून दुसऱ्या यंत्रावर सगळं परत उभं करा. हे जमत नसेल तर वाचकांच्या नोंदी भरायला घेऊ नका.

पुढे कधी मोठी आवृत्ती बदलाल तेव्हा अक्षरक्रमाकडे पुन्हा लक्ष द्या. २०१८ मध्ये ग्लिबसी या लिनक्सच्या पायाभूत लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीने अक्षरं लावण्याचे नियम बदलले. त्याच्या भरवशावर असलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसमधले जुने इंडेक्स (शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूची) त्यामुळे बिघडले, आणि असलेली नोंद शोधात सापडेना. कोहा मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस वापरतं, म्हणून त्याला हा फटका नाही. पण त्याच सर्व्हरवर पोस्टग्रेसवर चालणारं दुसरं काही असेल, तर आवृत्ती बदलल्यावर आधी इंडेक्स नव्याने बांधा आणि मगच लोकांसाठी सर्व्हर खुला करा.