अर्ज फुटला तर

कॅलिफोर्नियात सीसीडब्ल्यूचा, म्हणजे पिस्तूल कपड्याआड जवळ बाळगण्याचा परवाना काढलेल्या किंवा काढायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी ही तयारीची यादी. पहिलं काम अगदी साधं आहे. तुम्ही भरलेल्या अर्जाची प्रत तुमच्याकडे आहे का, ते बघा. बहुतेकांकडे नसते. फॉर्म भरला, फी भरली, लायव्ह स्कॅनला बोटांचे ठसे दिले, कार्ड हातात आलं की विषय संपतो. आणि अर्जातली माहिती फुटते तेव्हा सगळ्यात आधी हाच प्रश्न पडतो, की मी त्यात लिहिलं तरी काय काय होतं?

फुटते म्हणतेय ते उगाच नाही. २७ जून २०२२ रोजी राज्याच्या न्याय विभागाने बंदुकांच्या आकडेवारीचं नवं पोर्टल सुरू केलं. कुठल्या काउंटीत किती परवाने दिले गेले, वगैरे लोकांना दिसावं हा उद्देश. पण तक्त्यांच्या मागची मूळ माहितीसुद्धा डाउनलोड करता येत होती, आणि तिच्यात माणसांची नावं होती. २०११ ते २०२१ या काळात सीसीडब्ल्यूसाठी अर्ज केलेले सुमारे १,९२,००० लोक. परवाना मिळालेलेही आणि नाकारलेलेही. नाव, जन्मतारीख, लिंग, वंश, पत्ता, ड्रायव्हर लायसन्सचा नंबर, गुन्ह्यांची नोंद असेल तर तीही. हे सगळं जेमतेम बारा तास उघडं होतं, पण तेवढ्यात ५०७ वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून २,७३४ वेळा ते डाउनलोड झालं. चारच दिवस आधी सुप्रीम कोर्टाचा ब्रूएन निकाल (परवान्यासाठी खास कारण दाखवायची अट काढून टाकणारा) लागला होता, त्यामुळे एरवी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं अशा पोर्टलवर सगळ्यांचे डोळे लागलेले.

कुणी हॅक केलं नव्हतं. अ‍ॅटर्नी जनरल रॉब बोंटा यांच्या विभागाने बाहेरच्या लॉ फर्मकडून चौकशी करून घेतली, तिचा अहवाल नोव्हेंबरअखेर आला. त्यात म्हटलं होतं की वाईट हेतू दिसत नाही. कर्मचाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, कामात काटेकोरपणा नव्हता आणि वरून देखरेख नव्हती. मला याचीच जास्त धास्ती वाटते. चोरासाठी कुलूप लावता येतं, पण किल्ली दारालाच विसरून घरी जाणाऱ्या कारकुनाचं काय करायचं? न्यूझीलंडमध्येही डिसेंबर २०१९ मध्ये असाच घोळ झाला. क्राइस्टचर्चच्या मशिदींवरच्या हल्ल्यानंतर सरकार लोकांकडून बंदुका परत विकत घेत होतं. त्या नोंदणीच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीने एक बदल केला आणि बंदूक विक्रेत्यांना इतरांची खासगी माहिती दिसायला लागली. तिथेही कुणी भिंत फोडली नव्हती. तेव्हा माहिती फुटणं आपल्या हातात नाही असं धरून चालू, आणि फुटल्यावर काय काय हाताशी लागेल ते आज जमवू.

एक फोल्डर करा. कागदाचाच. त्यात अर्जाची प्रत, फीची पावती, लायव्ह स्कॅनच्या फॉर्मची प्रत (त्यावरचा एटीआय नंबर, म्हणजे तुमच्या ठशांच्या तपासणीचा माग काढायचा नंबर, नंतर लागू शकतो) आणि परवान्याची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. अर्ज ऑनलाइन भरणार असाल तर ‘सबमिट’ दाबण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या. जुन्या अर्जाची प्रत नसेल तर परवाना देणाऱ्या ऑफिसला लेखी विचारा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून ते आज विचारायचं.

मग हत्यारांची यादी. मेक, मॉडेल, कॅलिबर, कधी आणि कुणाकडून घेतलं, सिरीयल नंबर. नंबर टिपण्याआधी मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. हे माहीत असलेल्यांनाही मी पुन्हा सांगते, कारण लोक अशाच किरकोळ कामाच्या वेळी निष्काळजी होतात. फ्रेमवर कोरलेला नंबर इवलासा असतो. मोबाइलचा टॉर्च समोरून मारला तर धातू नुसता चकाकतो. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. कोरलेल्या खाचांत सावली पडते आणि ते ८ आहे की बी, हे कळतं. तसाच फोटो काढा. फोटोखाली नंबर हाताने लिहा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तो फोटोवरून वाचायला सांगा. पोलिसांकडे एक अक्षर चुकलेला नंबर दिला तर सापडलेली बंदूक तुमची म्हणून जुळत नाही.

राज्याकडे तुमच्या नावावर कोणती हत्यारं दिसतात, हेही विचारता येतं. एएफएस नावाच्या नोंदवहीतली स्वतःची नोंद मागायचा फॉर्म आहे, बीओएफ ०५३. कधीतरी विकलेलं पिस्तूल अजून तुमच्याच नावावर असेल तर ते शांतपणे घरी बसून कळलेलं बरं.

हा फोल्डर बंदुकीच्या तिजोरीत ठेवू नका. तिजोरी उचलून नेली तर यादीही तिच्याबरोबर जाते.

आता अर्जात लिहायचं काय, याकडे येऊ. जून २०२२ पर्यंत इथे परवान्यासाठी ‘सबळ कारण’ द्यावं लागे, आणि लोकांनी ते पोटतिडकीने लिहिलेलं असे. रात्री गल्ला घेऊन अमुक रस्त्याने घरी जातो. आधीच्या नवऱ्याकडून धमक्या येतात. दुकान अमुक वाजता एकटीने बंद करते. ब्रूएननंतर ती अट गेली, पण लिहिलेले कागद कुठे गेले नाहीत. अर्जदाराला धोका कधी आणि कुठे आहे हे दाखवणारा मजकूर, तसंच त्याची वैद्यकीय माहिती, नोंदी मागायला आलेल्या तिऱ्हाइताला दाखवण्याचं बंधन नाही. गव्हर्नमेंट कोडचं कलम ७९२३.८०० तशी सूट देतं. पण हे कलम लागू होतं ते कुणी रीतसर कागद मागितला तर. चुकून उघड्या राहिलेल्या फाइलला कलम माहीत नसतं. म्हणून विचारलंय तेवढंच लिहा. जागा मोकळी राहिली म्हणून आयुष्याची कहाणी भरू नका. खोटं मात्र काही लिहू नका, तो वेगळाच गुन्हा होतो.

आणि तुमच्या अर्जात फक्त तुम्ही नसता. २०२४ पासून लागू झालेल्या एसबी २ कायद्याप्रमाणे ओळखीच्या किमान तीन जणांचे संदर्भ द्यावे लागतात, आणि जोडीदार असेल तर त्यातला एक तो. त्यांची नावं आणि फोन नंबर त्याच फाइलमध्ये बसतात. विचारल्याशिवाय कुणाचं नाव देऊ नका, आणि विचारताना ही शक्यताही सांगा. मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाला तुमच्याकडे पिस्तूल आहे हे कळलं, तर तुम्हाला चालणार आहे का? काहींना काहीच वाटत नाही. काहींच्या घरी सासूबाईंनाही माहीत नसतं. फुटलेल्या यादीतून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळावं अशी जी दोन-चार माणसं असतील, त्यांना आधीच सांगून टाका.

या सगळ्यात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पत्ता. पासवर्ड बदलता येतो, क्रेडिट कार्ड बदलता येतं. घर पासवर्डसारखं बदलत नाही. २०२२ च्या यादीत परवाना कुठल्या प्रकारचा, साधा की न्यायाधीशाचा, हेसुद्धा होतं; म्हणजे कुठल्या दारामागे न्यायाधीश राहतात आणि त्या घरात बंदूक आहे, दोन्ही एका ओळीत. तुमच्यामागे खरोखर कुणी लागलेलं असेल, घरगुती हिंसा किंवा पाठलाग अशी परिस्थिती असेल, तर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचा ‘सेफ अ‍ॅट होम’ कार्यक्रम १९९९ पासून आहे. त्यात सरकारी कामासाठी पर्यायी पत्ता मिळतो. अर्ज भरण्याआधी त्यात नाव घाला आणि तो पत्ता अर्जात कसा लिहायचा, हे परवाना ऑफिसला विचारून घ्या. नंतर घालून काही उपयोग नाही, खरा पत्ता एकदा फाइलमध्ये गेला की गेला.

बाकीच्यांनी घराकडे बघा. बंदुका असलेलं घर चोराला दोन कारणांनी आवडतं: माल छोटा असतो आणि तो लगेच खपतो. तिजोरी जमिनीला किंवा भिंतीतल्या लाकडी स्टडला बोल्टने पक्की करा. नुसती ठेवलेली छोटी तिजोरी म्हणजे चोरासाठी मुठीसकट बांधून ठेवलेली बॅग. बंदुकीचे खोके रीसायकलच्या डब्यात वर दिसतील असे टाकू नका. गाडीवरचे बंदूक कंपनीचे स्टिकर खरवडून काढा. गाडीत पिस्तूल ठेवून जेवायला जाऊ नका. आणि चोरी झालीच तर कॅलिफोर्नियात, कळल्यापासून ५ दिवसांच्या आत पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा तो सिरीयल नंबरचा फोटो कामाला येतो.

बातमी येईल त्या दिवशी काय करायचं, ते एका कागदावर लिहून फोल्डरच्या वर ठेवा, कारण त्या दिवशी डोकं चालत नाही. पहिलं म्हणजे ‘आपलं नाव आहे का’ म्हणून फुटलेली फाइल शोधायला निघू नका. तशा लिंकवर बहुतेक वेळा व्हायरसच बसलेला असतो, शिवाय बाकी लाखभर लोकांची माहिती तुमच्या कॉम्प्युटरवर येते. नाव आहेच असं धरा. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसऱ्या कुणाला नवं कर्ज किंवा कार्ड काढणं अवघड होतं. २०१८ पासून ते देशभर फुकट आहे. ऑनलाइन किंवा फोनवर सांगितलं तर एका कामकाजाच्या दिवसात लागतं आणि उठवायचं असेल तर तासाभरात उठतं. तिन्ही खाती आजच उघडून ठेवा. मी तर म्हणेन, आजच फ्रीझ करा, फुटायची वाट कशाला बघायची? सगळे ‘क्रेडिट मॉनिटरिंग’च्या मागे लागतात. विभागानेही तेव्हा तेच देऊ केलं होतं. पण मॉनिटरिंग म्हणजे चोरी झाल्यावर वाजणारी घंटा. ड्रायव्हर लायसन्सचा नंबर गेला असेल तर डीएमव्हीला लेखी कळवा. २०२२ मध्ये सोशल सिक्युरिटी नंबर गेले नव्हते असं विभागाने सांगितलं होतं, पण पुढच्या वेळी जाणार नाहीत असं कोण सांगणार? आयआरएसचा, म्हणजे केंद्राच्या टॅक्स खात्याचा, सहा आकडी आयपी पिन कुणालाही मागता येतो, तो घ्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसरं कुणी टॅक्स रिटर्न भरू शकत नाही.

मग फोन यायला लागतात. ‘न्याय विभागातून बोलतोय, तुमचा परवाना तपासायचाय.’ फोन ठेवा, आणि परवान्यावर छापलेल्या ऑफिसचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा. घरी बंदूक आहे का, असं विचारणाऱ्याला मुलांनी काय सांगायचं, हेही ठरवून ठेवा. ‘बाबा घरी नाहीत’ हे उत्तर नको.

खरं पत्र टपालाने येऊ शकतं आणि ते जाहिरातीसारखं दिसतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी, वेगळ्याच एका प्रकरणात, असं पत्र कूपनांच्या गठ्ठ्यासकट टाकून दिलं होतं. वर ‘नोटीस ऑफ डेटा ब्रीच’ असा मथळा शोधा. लिफाफा फेकू नका, त्यावरचा टपालाचा शिक्का ठेवा. यापायी गेलेले तास, पैसे, फोन, सगळं तारखेसकट एका वहीत लिहा. राज्य सरकारकडे नुकसानीचा दावा करायचा तर साधारणपणे ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. सहा महिने खूप वाटतात, पण पत्रच दोन महिन्यांनी आलं तर उरतात चार. वकिलाकडे जायचं ठरलं तर ही वही आणि लिफाफा घेऊन जा.

आणि एवढं सगळं होऊन वैतागून तुम्ही घर बदललंत, तर नवा पत्ता परवाना देणाऱ्या ऑफिसला १० दिवसांच्या आत लेखी कळवायचा असतो. त्या पत्राची एक प्रत, तारीख घालून, याच फोल्डरमध्ये.