पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलमधून ऑइल गळतंय? गाडी वॉरंटीत असताना या चुका टाळा

मागचं डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला, इंजिनची ताकद चाकांकडे वळवणारा गिअरचा संच. त्यात ऑइल असतं जेमतेम दोन लिटरच्या आसपास, मॉडेलप्रमाणे थोडं कमी-जास्त. ते कमी होतंय हे सांगणारा एकही दिवा डॅशबोर्डवर नसतो. इंजिन ऑइलची काडी आपण ओढून बघतो, कूलंटची पातळी बघतो, पण त्याच्या हाउसिंगखाली, म्हणजे बाहेरच्या लोखंडी खोळीखाली, वाकून बघायला पिकअपवाल्याला वेळ कुठला? पहाटे वाशी मार्केटचा माल, दुपारी भिवंडीचं गोदाम, संध्याकाळी मिळेल ते भाडं. त्यामुळे ही गळती कळते ती पार्किंगमधल्या डागावरून, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागून घूं-घूं आवाज यायला लागल्यावर. आवाजापर्यंत गोष्ट गेली की क्राउन-पिनियनचे, म्हणजे आतल्या मुख्य गिअरजोडीचे, दात किंवा बेअरिंग यांना मार बसलेला असण्याची शक्यता मोठी असते.

गाडी वॉरंटीत असेल आणि दोष सीलचा, गॅस्केटचा किंवा हाउसिंगच्या वेल्डिंगचा असेल, तर दुरुस्ती कंपनीनं करून द्यायला हवी. तरीही मालकाला पैसे मोजावे लागतात, आणि पुष्कळदा त्याचं कारण गळती दिसल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत काय केलं यात असतं. म्हणून एक गोष्ट धरून ठेवा: गळती नेमकी कुठून आहे हे सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर (गाडी घेताना तिथे भरतात तो तक्रार आणि कामाचा कागद) लिहून येईपर्यंत हाउसिंगला बाहेरच्या कुणालाही हात लावू देऊ नका.

नाक्यावरच्या मिस्त्रीकडून सील बदलून घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सील स्वस्तात मिळतं, मिस्त्री ओळखीचा असतो, दोन तासांत गाडी परत रस्त्यावर येते. सर्व्हिस सेंटरला दिली तर दोन दिवसांचा खाडा आणि हप्ता डोक्यावर. हिशेब समजण्यासारखा आहे, पण पिनियन सील म्हणजे नुसती रबराची रिंग उचकटून दुसरी ठोकण्याचं काम नाही.

इंजिनकडून मागे येणारा फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जिथे डिफरन्शियलला जोडलेला असतो तिथे हे सील बसतं. ते काढायला पिनियनचा मोठा नट खोलावा लागतो. अनेक गाड्यांत त्याच नटाच्या आवळण्यावर पिनियनच्या बेअरिंगचा ताण ठरतो, आणि आत एक चेपणारा स्पेसर असतो, जो एकदा चेपला की परत फुगत नाही. इम्पॅक्ट गननं नट ‘फुल टाइट’ केला की बेअरिंगवर वाजवीपेक्षा जास्त दाब येतो, ते तापतं आणि काही दिवसांत आवाज सुरू होतो. नट ढिला राहिला तर पिनियन हलतो आणि नवं सीलही गळतं. दोन्ही वेळा गाडी सर्व्हिस सेंटरला गेली की तिथला माणूस नटावरच्या खुणा बघतो आणि ‘बाहेर उघडलेली आहे’ असा शेरा मारतो. पाचशे-हजार वाचवायला जाऊन अख्खा क्राउन-पिनियन सेट स्वतःच्या खर्चानं घ्यायची वेळ अशी येते.

बाहेरून एम-सील किंवा सिलिकॉन थापणंही याच जातीचं. गळती थांबत नाही, फक्त जागा झाकली जाते, आणि तपासणाऱ्याला संशय येतो की यांनी आधी काहीतरी केलंय.

गाडी धुऊन तपासणीला नेणं

स्वच्छ गाडी न्यावी ही आपली सवय चांगली, पण इथे ती पुरावाच धुऊन टाकते. आधी फोटो काढा. लांबून एक, ज्यात नंबर प्लेट दिसेल; मग हाउसिंगचा जवळून; मग ओडोमीटरचा. त्यानंतर ओला, चिकट भाग कापडानं कोरडा पुसा, नेहमीसारखी एक फेरी मारा, गाडी सपाट जागी रात्रभर उभी करा आणि खाली पुठ्ठा सरकवा. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग आणि हाउसिंगवरची ओल जुळवून बघितली की बरंच कळतं.

गोल हाउसिंगच्या पुढच्या तोंडाला, शाफ्टच्या जोडाखाली थेंब असेल तर पिनियन सील. हे ऑइल फिरत्या फ्लँजमुळे (शाफ्ट जोडायची चकती) उडतं, म्हणून हौद्याच्या तळालाही आडवा पट्टा दिसतो. हाउसिंगच्या भागांच्या जोडाच्या कडेनं ओल असेल तर गॅस्केट. सगळ्यात खाली एकच थेंब लोंबत असेल तर ड्रेन प्लगचा वॉशर बघायला सांगा. कधीकधी खरोखर तेवढंच असतं. ओल वरून खाली येत असेल तर ब्रीदर, म्हणजे हाउसिंगच्या वरची हवा सोडणारी टोपी.

मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ असेल तर मात्र थांबा. तो ॲक्सल सीलचा असू शकतो किंवा व्हील सिलिंडरमधून येणाऱ्या ब्रेक ऑइलचा. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, कारण हायपॉइड, म्हणजे एकमेकांवर घसटून फिरणाऱ्या तिरप्या, दातांवरचा दाब सोसण्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं घातलेली असतात. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्यात मिसळतं, आणि बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरलेली दिसते. दोन्हीपैकी काहीही असलं तरी ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं की ब्रेक एका बाजूला ओढायला लागतो. माल भरून अशी गाडी घाटकोपरच्या उड्डाणपुलावरून उतरवू नका. टो करून न्या. ब्रेक लायनर ऑइलनं भिजले असतील तर ते पुसून चालत नाहीत, बदलावेच लागतात. ‘लायनर झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत येत नाही’ असं सांगितलं जाईल. तेव्हा म्हणा की झिजून नाही, तुमच्या सीलच्या गळतीनं खराब झालेत, आणि ते त्याच जॉब कार्डवर लिहून घ्या.

‘थोडं सीपेज (झिरपणं) चालतं’ हे तोंडी ऐकून परत येणं

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतो, “साहेब, एवढं तर सगळ्यांनाच असतं. पुढच्या सर्व्हिसला बघू.” नुसती ओलसर धूळ चिकटलेली असेल आणि थेंब पडत नसेल, तर त्याचं म्हणणं चूक नसतंही. पण पुढच्या सर्व्हिसपर्यंत वॉरंटी राहणार आहे का? वॉरंटी वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी पूर्ण होईल त्यावर संपते, आणि मुंबईत रोज दोन-तीन फेऱ्या मारणाऱ्या पिकअपचे किलोमीटरच आधी संपतात.

त्याच्याशी वाद घालू नका. शांतपणे सांगा, “चालतं असेल तर तसंच जॉब कार्डवर लिहून द्या, दादा. तक्रार माझ्या शब्दांत लिहा: मागच्या डिफरन्शियलमधून ऑइल गळतंय.” ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. तारीख, किलोमीटर, तक्रार, त्यांनी केलेली तपासणी आणि शेरा, एवढं असलेली प्रत हातात घेऊनच बाहेर पडा. काम वॉरंटीत झालं तरी शून्य रकमेचं बिल मागा आणि त्यात कोणता पार्ट बदलला ते आहे का बघा. वॉरंटी संपल्यावर तीच गळती परत आली, तर दोष जुना आहे, आधीच नोंदलेला आहे, हे सांगायला एवढाच कागद असतो.

तक्रारीचा ईमेल कंपनीच्या ग्राहक विभागालाही टाका, फोटोंसह. गाडी विकली तोच डीलर टाळाटाळ करत असेल तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाता येतं, आणि कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरनं गाडी बघावी अशी लेखी मागणीही करता येते. लेखी मागणी बहुधा बरीच लवकर हलते.

नवं सील परत गळलं की पुन्हा नुसतं सीलच बदलून घेणं

एकदा बदललेलं सील महिन्याभरात गळलं तर सीलला दोष देऊन भागत नाही. कारण शोधायला लावा. पहिला संशयित ब्रीदर. हाउसिंगच्या वर असलेली ही छोटी टोपी किंवा नळी आतली गरम हवा बाहेर सोडते. मेट्रोच्या खोदकामाचा चिखल, सिमेंटचा राडा, त्यात भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणणाऱ्या गाड्यांत क्रेटमधून ठिबकणारं खारं पाणी. या सगळ्यानं ती बुजते किंवा गंजते. मग गरम झालेल्या हवेला वाट मिळत नाही आणि दाब ऑइलला सीलमधून बाहेर ढकलतो. नवं सीलही त्यापुढे टिकत नाही.

दुसरं, ऑइल जास्त भरलेलं असणं. सपाट जागी उभ्या गाडीत ऑइल फिलर प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असावं, त्याहून वर नाही. तिसरं, फ्लँजवर सीलच्या ओठानं पडलेली चरी. ती असेल तर फ्लँजच बदलायला हवा. शिवाय पिनियनच्या बेअरिंगमधला खेळ आणि शाफ्टचा क्रॉस (सांधा) तपासायला सांगा, कारण थरथर असेल तर कुठलंही सील लवकर जातं. ऑइलचा ग्रेडही बिलावर मॅन्युअलशी ताडून बघा. अशा ॲक्सलना बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं.

पाण्यातून काढलेली गाडी तशीच चालवत राहणं

हिंदमाता, किंग्ज सर्कल, अंधेरी सबवे. पावसाळ्यात यातलं एक तरी रस्त्यात येतंच. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. नंतर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. अशा ऑइलला दातांवर थर धरता येत नाही, आणि बेअरिंग गंजायला लागतात.

पाणी शिरल्यानं झालेलं नुकसान साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत; तो विम्याचा विषय होतो, आणि त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण असलेली पॉलिसी लागते, नुसती थर्ड पार्टी नाही. चाकाचा हब (मधला भाग) बुडेल एवढ्या पाण्यातून जावं लागलं तर लगेच अधिकृत ठिकाणी ऑइल तपासून, गरज पडली तर बदलून घ्या आणि बिल ठेवा. खराबी झालेली दिसत असेल तर हाउसिंग उघडण्याआधी विमा कंपनीला कळवा.

जास्त माल आणि वाढवलेले कमानपाटे

क्लेम नाकारायला हे कारण आयतं सापडतं. आरसीवर गाडीचं रिकामं आणि एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं. जादा माल नेण्यासाठी कमानपाटे वाढवले की ते वाकून बघणाऱ्या कुणालाही दिसतात. जादा वजनानं ऑइल जास्त तापतं आणि हाउसिंगवर ताण येतो, हेही खरंच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे, तो वेगळा. नियमात माल नेत असाल तर वजनकाट्याच्या पावत्या फेकू नका. ठरल्या किलोमीटरला केलेल्या सर्व्हिसची बिलंही त्यांच्यासोबत ठेवा.

‘गाडी धंद्याची आहे, ग्राहक कोर्टात चालत नाही’ असं मानून गप्प बसणं

हे अर्धवट खरं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ व्यापारी हेतूनं घेतलेल्या वस्तूला वगळतो, पण स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली जुन्या कायद्याखाली हेच स्पष्ट केलं होतं: स्वतः ट्रक चालवणारा मालक ग्राहक आहे, मदतीला एक-दोन माणसं घेतली तरी आहे, गाडी पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली तर नाही. म्हणून तक्रारीत ‘ही गाडी मी स्वतः चालवतो, माझं घर यावर चालतं’ हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

सुरुवात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. फी रकमेप्रमाणे ठरते: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. डीलर ठाण्याचा असो की पनवेलचा, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सोबत जोडायला जॉब कार्डं, फोटो, ईमेल आणि सर्व्हिसची बिलं लागतील, तारखेच्या क्रमानं लावलेली.