कोकणात घरी एचओ मॉडेल रेल्वे लेआउट करायचाय? आधी दमट हवेचं बघा

व्हिडिओ बघून लेआउट, म्हणजे बोर्डावर रूळ, डोंगर, स्टेशन मांडून चालवायची छोटी रेल्वे, करायला घेतलात तर निम्म्या टिप्स आपल्याकडे चालत नाहीत, कारण ती परदेशातली माणसं कोरड्या खोलीत बसून सांगत असतात आणि इथे जुलैत भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. माझा पहिला लेआउट साध्या प्लायवर केला होता, एका पावसाळ्यात असा वाकला की इंजिन एका जागी सोडलं तर आपोआप घरंगळत जायचं.

जागेपासून सुरू करू. पडवीत अजिबात नको, झडीचा पाऊस आत येतो. पोटमाळा बरा वाटतो पण उन्हाळ्यात कौलाखाली भट्टी आणि एखादं कौल सरकलं की संपलंच. माजघर किंवा आतली खोली बघा, आणि टेबल भिंतीला चिकटवू नका, खाली चाकं लावा म्हणजे पुढे ओढता येतं. चार फूट रुंद बोर्डाच्या पलीकडच्या टोकाला हात पोचत नाही हो, आणि डबा नेमका तिथेच पडतो.

स्केल एचओ घ्या, म्हणजे 1:87, खऱ्या गाडीचा सत्त्याऐंशीवा हिस्सा. एन स्केल, 1:160, जागा कमी खातो पण चाकं इतकी बारीक की जरा धूळ, जरा गंज आला की गाडी अडलीच, खाऱ्या हवेत डोक्याला ताप. एचओच्या दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, 16.5 मिमी, ते परदेशातल्या 1435 मिमी गेजवरनं आलंय. आपला ब्रॉडगेज 1676, त्याला 87 ने भागलं तर 19 मिमीच्या वर जातं, म्हणजे आपली गाडी त्या रुळावर किंचित अरुंद पायावर उभी दिसते. बहुतेक जण तसंच चालवतात, मीपण.

आता स्वप्नं जरा आवरा. कोकण रेल्वेवरचा पानवलचा पूल 64 मीटर उंच आणि 424 मीटर लांब, एचओमध्ये पाऊण मीटर उंच आणि जवळजवळ पाच मीटर लांब होतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा त्याच मापात केलात तर 75 मीटर, म्हणजे शेजाऱ्याच्या आगरातनं न्यावा लागेल. त्यापेक्षा एकच छोटं स्टेशन, एक लूप (गाडी बाजूला थांबवायचा जोडरूळ), एक बोगदा, बस. कोकण रेल्वे बरीचशी सिंगल लाइनच आहे त्यामुळे क्रॉसिंगसाठी गाडी लूपमध्ये ताटकळत ठेवली की आपोआप खरं वाटतं, चाकरमान्यांना विचारा.

बोर्ड 8 बाय 4 फुटांचा, बीडब्ल्यूपी ग्रेडची (उकळत्या पाण्यातही टिकणारी) प्लाय, आणि कापलेल्या कडांना, खालच्या बाजूलासुद्धा दोन हात ऑइलपेंट किंवा वॉर्निश. लोक वरनं रंगवतात आणि खालनं पाणी पितं ते. खाली दीड-दोन फुटांवर आडव्या पट्ट्या मारा. वळणाची त्रिज्या 22 इंच ठेवा, डब्ल्यूडीएम-3ए सारखं सहा आसांचं डिझेल इंजिन त्यापेक्षा आवळ वळणावर कुरकुरतं. कडेला दोनच इंच उरतात, म्हणून ॲक्रिलिकची पट्टी लावा, नाहीतर इंजिन थेट शहाबादीवर. सरळ भाग साधारण 120 सेंमी मिळतो, त्यात लूपचे दोन्ही सांधे (गाडी रूळ बदलते त्या जागा) धरले की इंजिन आणि आयसीएफचे, म्हणजे चेन्नईच्या कारखान्याचे, दोन डबे मावतात (एक डबा साडेचोवीस सेंमी). तिसरा डबा बसवायच्या भानगडीत पडू नका. चढ ठेवलात तर मीटरला दोन सेंमी, त्याच्या वर नको.

रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्या, स्टीलचे स्वस्त मिळतात पण इथे गंजतात. दर तीन-चार तुकड्यांनी नखाच्या जाडीएवढी फट सोडा, लाकूड फुगतं-आकसतं. आणि रुळांचे तुकडे जोडणाऱ्या नुसत्या जॉइनरच्या भरवशावर करंट सोडू नका, दर मीटरला खालनं वायर सोल्डर करा, रोझिनचा फ्लक्स वापरून, ॲसिडचा नको. सुरुवातीला साधा 12 व्होल्ट डीसी कंट्रोलर पुरे, डीसीसी (एकेक इंजिन वेगळं चालवायची डिजिटल पद्धत) नंतर बघू.

सीनरीत मात्र आपल्याकडे चंगळ आहे. डोंगराला मखराचा जुना थर्मोकोल माळ्यावर असतोच, फक्त त्याला सोल्यूशन लावू नका, विरघळतो, फेविकॉलच. मातीला जांभ्याचा चुरा, चहाच्या गाळणीतनं दोनदा गाळून, असा लाल रंग बाटलीत मिळत नाही. रुळाखालची खडी मात्र काळ्या दगडाची हवी, क्रशरवरची बारीक कच आणा. समुद्राची वाळू नको, एकतर खारट आणि रत्नागिरीकडच्या वाळूत काळे कण असतात ते चुंबकाला चिकटतात, म्हणजे थेट इंजिनाच्या मोटरमध्ये. कच असो की जांभा, पिशवीत गुंडाळलेला स्पीकरचा चुंबक त्यात आधी फिरवून घ्या, काय काय निघतं बघून चाट पडाल. खडी पसरली की पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून फवारा, मग एक भाग फेविकॉल तीन भाग पाणी ड्रॉपरने सोडा, आणि दोन दिवस हात लावू नका.

माडाचा बुंधा म्हणजे केरसुणीचा हीर, जाड टोक खाली, आपोआप निमुळता होतो. झावळ्या कागद कातरून. भातशेतीला काथ्या कापून उभा चिकटवा, कलमांना बाइंडिंग वायर पिळून वर हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजचा चुरा. स्पंज मिक्सरमध्ये बारीक होतो पण घरातला मिक्सर घेतलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. भुसा, काथ्या वापरायच्या आधी कडक उन्हात वाळवा, नाहीतर श्रावणात शेतावर खरीखुरी बुरशी उगवते.

बोगद्याचा डोंगर वरनं उचलता येईल असा सुटा ठेवा. माझ्यात गाडी सारखी आतच थांबायची, मी दोन दिवस वायरिंग तपासत बसलो, शेवटी डोंगर फोडला तर आत उंदराने काथ्याचं मस्त घरटं केलेलं, माझ्याच शेतातला काथ्या.

जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी टाइमटेबल लागतं तसं आपणही लावायचं. इंजिनं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, आणि आठवड्यातनं एकदा बाहेर काढून दहा मिनिटं चालवायची. त्याआधी रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुती फडक्याने पुसा. पॉलिश पेपर मारू नका, चरे पडतात आणि त्यात घाण आणखी बसते. एवढं केलंत तर गणपतीला मुंबईची पोरं आली की स्विच दाबल्यावर गाडी चालते, हलवून ढकलून दाखवायला लागत नाही.