प्रसूतीपूर्व वर्गाला जोडीनेच जा
प्रसूतीपूर्व वर्ग, म्हणजे बाळंतपणाची तयारी शिकवणारा वर्ग, सातव्या महिन्याच्या आसपास सुरू करा. 36 व्या आठवड्याच्या आत तो संपलेला बरा, कारण बाळ तारखेची वाट पाहतंच असं नाही. बाळंतपणात जे कोणी सोबत असणार, त्यांना बरोबर न्याच. कळ आली की तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने कमरेच्या खालच्या भागावर घट्ट दाब द्यायचा, हे नुसतं ऐकून जमत नाही. जोर किती हवा ते गरोदर बाईने सांगायचं आणि सोबतच्याने हाताला सवय लावायची. श्वास नाकाने आत, तोंडाने सावकाश बाहेर, हा सराव घरीही करा. आणि वर्गातला स्तनपानाचा तास अजिबात चुकवू नका! बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नाही, भोवतीचा काळसर भागही जायला हवा. नाहीतर भेगा पडतात आणि बाळाचं पोटही नीट भरत नाही.